एप्रिलमधली मते आणि एप्रिलमधले आकडे

मित्रहो, अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होतो आणि सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. म्हणजे जवळजवळ रोजच सामना असतो. तरीही पहिला पंधरवडा उलटायच्या आत तीसही संघांच्या चाहत्यांची मते पक्की झालेली असतात. अमुक संघ यंदा विजेता होणार, तमुक पिचर (चेंडू फेकणारा) संपला, मायनर लीगमधल्या, म्हणजे खालच्या स्तरावरच्या स्पर्धेतल्या, त्या पोराला आजच वर आणा. या मतांना हसण्याची रीत आहे. ‘अहो, अजून एप्रिल चाललाय’ एवढे म्हटले की माणूस जाणकार ठरतो. मला हा शहाणपणाही आळशी वाटतो. एप्रिलमध्ये कळण्यासारखे पुष्कळ असते. चाहता ज्या आकड्यावर बोट ठेवतो तो आकडा मात्र बहुधा त्या कामाचा नसतो.

विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहराचा ब्रूअर्स हा संघ या दृष्टीने फार उपयोगी आहे. २०२५ च्या हंगामाची त्यांची सुरुवात न्यूयॉर्कमध्ये यांकीजविरुद्ध झाली. पहिला सामना ते हरले. २९ मार्चच्या दुसऱ्या सामन्यात, आदल्या वर्षापर्यंत यांकीजकडूनच खेळलेला नेस्टर कोर्टेस पिचिंगला उभा राहिला आणि त्याच्या पहिल्या तीन चेंडूंवर पॉल गोल्डश्मिट, कोडी बेलिंजर आणि आरन जज यांनी ओळीने तीन होम रन (चेंडू मैदानाबाहेर टोलवून घेतलेली धाव; तळांवर आधीच पोचलेले साथीदारही तिच्यासोबत धाव घेतात) मारले. त्या दिवशी यांकीजच्या खात्यावर नऊ होम रन जमा झाले आणि सामना २०-९ असा संपला. ब्रूअर्सने पहिले चारही सामने गमावले आणि त्या चार सामन्यांत ४७ धावा दिल्या.

त्या आठवड्यात दोन मते सर्वत्र ऐकू येत होती. पहिले असे की ब्रूअर्सचे पिचिंग मोडीत निघाले आहे. दुसरे मत ‘टॉर्पेडो’ बॅटविषयी होते. ज्या भागावर चेंडू जास्त वेळा लागतो तिथे लाकूड अधिक जाड ठेवून, म्हणजे जाडी टोकाकडून थोडी हाताकडे सरकवून, या बॅट घडवल्या होत्या. आणि त्यांच्यामुळे खेळच बदलून जाणार, असे बोलले जात होते. गंमत अशी की त्या दिवशी एकट्याने तीन होम रन मारणारा जज नेहमीच्याच बॅटने खेळत होता.

हंगाम संपला तेव्हा ब्रूअर्सचे ९७ विजय झाले होते आणि तीस संघांत कोणाचेही विजय त्याहून जास्त नव्हते. ‘संघ चांगला होता, सुरुवात दुर्दैवी झाली’ एवढ्यावर हा विषय सोडून देणे मला पटत नाही. त्या पहिल्या आठवड्यात धावफलकाशेजारी जखमी खेळाडूंची यादी ठेवून पाहिली असती तर वेगळे चित्र दिसले असते. ब्रँडन वुडरफ खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर अजून परतायचा होता. तो जुलैमध्ये परतला. इतरही काही पिचर दुखापतीमुळे बाहेर होते. संघाने ७ एप्रिलला बोस्टनकडून क्विन प्रीस्टर नावाचा, तोवर फारसे नाव न कमावलेला पिचर घेतला. त्याने पुढे १३ सामने जिंकले आणि अवघे तीन गमावले. धावा किती दिल्या यापेक्षा त्या कोणी दिल्या आणि जूनमध्ये त्याच्या जागी कोण उभे असेल, हा प्रश्न एप्रिलमध्येही विचारता येण्यासारखा होता.

याच शहराने उलट अनुभवही घेतला आहे. १९८७ साली ब्रूअर्सने सुरुवातीचे १३ सामने सलग जिंकले. १५ एप्रिलला २२ वर्षांच्या हुआन निएवेसने बाल्टिमोरविरुद्ध नो-हिटर टाकला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना संपूर्ण सामन्यात एकही हिट (चेंडू टोलवून सुखरूप तळ गाठणे) मिळू दिला नाही. शेवटचा बळी रॉबिन याउंटने सूर मारून टिपलेल्या झेलाने मिळाला. चारच दिवसांनी, ईस्टरच्या रविवारी, टेक्सासविरुद्ध नवव्या डावात ब्रूअर्स १-४ असे मागे होते. रॉब डीअरने तीन धावांचा होम रन मारून बरोबरी साधली आणि त्याच डावात डेल स्वेमच्या होम रनने सामना ६-४ असा संपला. तो सलग बारावा विजय होता. ब्रूअर्सने ओळीने बारा सामने जिंकले तर हॅम्बर्गर फुकट, असे वचन जॉर्ज वेब या स्थानिक उपाहारगृहाने देऊन ठेवले होते. ते पाळावे लागले आणि गावात रांगा लागल्या. त्या वेळी मिलवॉकीत जो कोणी ‘जपून बोला’ म्हणाला असेल त्याचे काय झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी! मे महिन्यात हाच संघ सलग १२ सामने हरला. अखेर ९१ विजयांनिशी तो आपल्या विभागात तिसरा आला. डेट्रॉइट आणि टोरोंटो पुढे निघून गेले.

तेरा सामने आपल्याला खूप वाटतात, याचे कारण आपले कान क्रिकेटवर तयार झालेले आहेत. आयपीएलच्या साखळीत संघाला चौदाच सामने मिळतात. तिथे तेरा विजय म्हणजे जवळजवळ सगळी स्पर्धा. बेसबॉलमध्ये ते हंगामाचे आठ टक्के आहेत. शंभरातले साठ सामने जिंकणारा उत्तम संघदेखील ठरावीक चार सामने सलग हरण्याची शक्यता अडीच टक्क्यांच्या आसपास असते, आणि एवढ्या लांब हंगामात अशी चौकडी कुठे ना कुठे येऊन जातेच. ती जुलैच्या मध्यावर आली तर लोक विसरून जातात. हंगामाच्या आरंभी आली की गुणतक्त्यात तिच्याशिवाय दुसरे काहीच नसते.

बॅटरच्या सरासरीचेही तसेच. आठवडाभरात त्याला पंचवीसेक संधी मिळतात. त्यांत सहा हिट असतील तर सरासरी ०.२४० होते आणि चाहते तोंड वाकडे करतात. सात असतील तर ०.२८० होते आणि सगळे ठीक चालले आहे असे वाटते. फरक एका चेंडूचा, आणि तो चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्यापासून वीतभर दूर पडलेला असू शकतो. पिचरविषयी तर आपण आणखी उतावळे असतो. एप्रिलअखेर त्याचे साधारण तीस डाव झाले आणि त्याने दहा धावा दिल्या, तर नऊ डावांमागे त्याची सरासरी ३.०० येते. त्यातल्या एकाच थंड संध्याकाळी आणखी पाच धावा गेल्या की तीच ४.५० होते. पहिल्या आकड्याचा पिचर संघाचा आधारस्तंभ ठरतो आणि दुसऱ्या आकड्याचा बाजारात काढण्याजोगा!

मग पाहायचे काय? माझे उत्तर असे की जे पिचरच्या स्वतःच्या हातात आहे ते आधी पाहावे. फास्टबॉलचा वेग प्रत्येक चेंडूला मोजला जातो आणि तीन सामन्यांत असे शेकडो चेंडू हाताशी येतात. ताशी ९५ मैलांनी फेकणारा ९२ वर आला असेल, तर थंडीची थोडी सूट देऊनही काळजी करावी, मग त्याने एकही धाव का दिलेली नसेना. स्ट्राइकआउट (चुकवलेल्या किंवा कक्षेत येऊनही सोडलेल्या चेंडूंचे तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद होणे) आणि वॉक (चार चेंडू कक्षेबाहेर पडल्याने बॅटरला फुकट मिळणारा तळ) यांचे प्रमाणही बऱ्यापैकी लवकर स्थिरावते, कारण त्यांत क्षेत्ररक्षकांचा आणि नशिबाचा वाटा कमी असतो. सामना संपल्यावर जो चाहता ‘आज याच्या चेंडूत जीव नव्हता’ असे म्हणतो, त्याचे बोलणे मी गुणतक्ता वाचून दाखवणाऱ्यापेक्षा अधिक लक्ष देऊन ऐकतो.

आता नवोदितांकडे वळतो, कारण या मतांतला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग हाच आहे. त्या पोराला वर आणा, हा ओरडा दर वर्षीचा असतो, आणि माझ्या मते पुष्कळदा तो खेळाच्या दृष्टीने बरोबर असतो. अडचण हिशेबाची असते. खेळाडूचे एक सेवावर्ष मेजर लीगमधल्या १७२ दिवसांनी पूर्ण होते आणि अशी सहा वर्षे भरली की तो मुक्तपणे दुसऱ्या क्लबशी करार करू शकतो. २०१५ च्या सराव सामन्यांत क्रिस ब्रायंटने नऊ होम रन मारले, तरी शिकागो कब्जने त्याला मायनर लीगमध्ये पाठवले. क्षेत्ररक्षण सुधारायचे आहे, असे कारण सांगण्यात आले. १७ एप्रिलला तो वर आला, वर्षअखेर सर्वोत्तम नवोदित ठरला आणि त्याच्या नावावर १७१ दिवस लागले. एका दिवसाने मुक्ती वर्षभर लांबली. त्याने केलेली तक्रार २०२० मध्ये लवादाने फेटाळली.

क्लब आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२ च्या करारात यावर उतारा शोधण्यात आला. नावाजलेल्या नवोदिताला क्लबने आरंभापासून संघात ठेवले आणि त्याने मोठा पुरस्कार मिळवला, तर क्लबला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, एक जादा निवड मिळते. सिएटल मरिनर्सने त्याच वर्षी एकवीस वर्षांच्या हुलिओ रॉड्रिगेझला पहिल्या सामन्यापासून खेळवले. एप्रिलभर त्याला एकही होम रन मारता आला नाही आणि स्ट्राइकआउट मात्र ढिगाने झाले. याला परत पाठवा, असे म्हणणारेही निघाले. त्यातल्या कितीतरी स्ट्राइकआउटमध्ये पंचांनी स्ट्राइक दिलेला चेंडू प्रत्यक्षात कक्षेबाहेरचा होता, आणि हे दूरदर्शनवरच्या चौकटीत कोणालाही दिसत होते. मुलाची नजर ठीक होती, पंचांची चुकत होती. १ मे रोजी मायामीमध्ये त्याने पहिला होम रन मारला तो सँडी अल्कांतारावर, ज्याने त्या वर्षी नॅशनल लीगमधल्या (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक; दुसरी अमेरिकन लीग) सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. रॉड्रिगेझने हंगामाअखेर २८ होम रन मारले आणि तो अमेरिकन लीगमधला सर्वोत्तम नवोदित ठरला. सिएटलला पुढच्या ड्राफ्टमध्ये ती जादा निवड मिळाली.