ओहोटीला चिखलात बसून

नमस्कार मुलांनो. सहावी, सातवी, आठवीतली जी मुलं आत्ता रेडिओजवळ बसली आहेत, आणि ज्यांना आजीने दामटून बसवलंय, त्या सगळ्यांसाठी आजचं हे बोलणं. मी निवृत्त विज्ञान शिक्षिका. दाभोळच्या खाडीकाठच्या एका शाळेत 31 वर्षं शिकवलं.

दर वर्षी परिसंस्थेचा धडा आला की मी विचारायचे, एक उदाहरण सांगा बघू. उत्तर ठरलेलं: गवत, हरीण, वाघ. गवताचं ठीक आहे. पण खाडीकाठच्या पोरांनी हरीण पाहिलंय कुठे? शाळेच्या गडग्यापलीकडे शंभर पावलांवर तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, रान माजलेलं, त्याचं नाव एकाच्याही तोंडी नाही. आता त्यांना काय दोष द्यायचा? फळ्यावर हरीण मीच काढत होते. ते हरणापेक्षा शेळीसारखं जास्त दिसायचं, ती गोष्ट वेगळी.

एकदा सातवीतला एक मुलगा उशिरा आला, पोटऱ्यांपर्यंत काळा चिखल. आजीबरोबर कालवं, म्हणजे दगडाला चिकटलेले शिंपले, काढायला गेला होता. मी जरा चिडूनच विचारलं, "एवढं काय असतं रे तिथे?" तर हा उभ्या उभ्या सांगायला लागला. कालवं, मुळे आणि बाकीच्या शिंपल्या, कुर्ल्या म्हणजे खेकडे, निवट्या म्हणजे चिखलावर उड्या मारणारे बिळातले मासे, कोळंबीची बारकी पिल्लं, बगळे, खंड्या, पहाटे दिसलेला हूद, म्हणजे पाणमांजर. शिवाय वर घिरट्या घालणारा काकण, तो मोठा समुद्री गरूड. मी फळ्यावरची शेळी, म्हणजे हरीण, पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी ओहोटी बघून सगळा वर्ग घेऊन खाडीवर गेले. माझी एक चप्पल त्या दिवसापासून तिथेच आहे.

तर आज मनाने तिथे जाऊ. पाणी उतरलंय. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी शेकडो टोकं वर आलेली दिसतात. ती याच झाडाची मुळं. खाली चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून मुळंच श्वास घ्यायला वर येतात. आता तिवराचं एक जुनं पान उलटं करून जिभेला लावा. खारट लागतं ना? पाण्याबरोबर आत आलेलं मीठ झाड पानावाटे बाहेर टाकतं. शेजारच्या कांदळाची तऱ्हा निराळी. त्याचं बी झाडावरच रुजतं, हिरव्या शेंगेसारखं लांब वाढतं आणि मग सुटून चिखलात टोचलं जातं. टोचलं नाही तर भरतीबरोबर तरंगत जाऊन दुसरीकडे लागतं. आणि ती पांढरी चिपी, तिला 2020 साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष, म्हणजे राज्याचं खारफुटीचं झाड, ठरवलंय. तुमच्या परसातल्या खाडीत राज्य कांदळवृक्ष उभा आहे, हे पाहुण्यांना सांगायला हरकत नाही.

आता तिवराचं एक पिकलेलं पान पडलं. खेकडा ते कातरतो, काही खातो, काही बिळात ओढून नेतो. उरलेल्या तुकड्यांवर जिवाणू आणि बुरशी वाढतात. तो मऊ झालेला चुरा कोळंबीची पिल्लं खातात, कोळंबीला मासा खातो, माशाला काकण उचलतो. बाकीचे मासे तुमच्या ताटात येतात. खेकड्याच्या बिळांमुळे चिखलात हवा आणि पाणी खेळतं, त्याचा फायदा परत तिवराच्या मुळांना. झाड, खेकडा, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू, चिखल, मीठ, ऊन, दिवसातून दोनदा येणारं पाणी, हे सगळं एकमेकांच्या जिवावर चाललेलं असतं. या सगळ्याला मिळून परिसंस्था म्हणायचं. इंग्रजीत त्यासाठी 1935 साली टान्सली नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 'इकोसिस्टिम' हा शब्द रूढ केला. त्याचं म्हणणं असं की नुसते जीव मोजू नका, माती, पाणी, हवाही त्यातच धरा. कालवंवाल्या आजीला हे कुणी सांगावं लागलं नव्हतं. ती आधी पाणी बघते, मग कोयती उचलते.

आता बदलाविषयी. बदल म्हटला की वाईटच, असं तुम्ही निबंधात लिहिता. खाडी तर रोज दोनदा बदलते. पावसाळ्यात पाणी गोडं होतं, उन्हाळ्यात खारं. हे बदल फिरून येतात आणि तिथले जीव त्याच तालावर जगतात. घोळ होतो तो बदल फिरून येईनासा झाला की.

आमच्या शाळेपलीकडे एक रस्ता झाला. भराव पडला, खाली एवढीशी मोरी ठेवली आणि तीही पहिल्याच पावसात बुजली. एकाही तिवराला कुणी कोयता लावला नव्हता बरं का. पण पलीकडे भरती जाईना आणि पावसाचं साचलेलं पाणी बाहेर येईना. श्वास घेणारी ती पेन्सिलीसारखी टोकं महिनोन्‌महिने पाण्याखाली राहिली. आधी निवट्या दिसेनाशा झाल्या. हे मला नाही, मुलांना कळलं. मग झाडं पिवळी पडली आणि तिसऱ्या वर्षी नुसते सापळे उभे. गावाने खेटे घालून घालून मोरी मोठी करून घेतली. पाणी परत आलं, वर्ष-दीड वर्षात तिवराची रोपंही आली. कालवं मात्र आली नाहीत. कालवाच्या पिल्लाला चिकटायला स्वच्छ, टणक जागा लागते आणि तिथल्या दगडांवर वीतभर गाळ बसला होता.

काही बदल इतके मोठे असतात की आपण त्यांना बदल म्हणतच नाही. चिपळूणवरून येऊन दाभोळच्या खाडीला मिळणारी आपली वाशिष्ठी नदी घ्या. 1960च्या दशकापासून कोयनेच्या धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने इकडे येतं, पोफळी गावच्या वीजघरात वीज करतं आणि वाशिष्ठीत उतरतं. मुळात ते पाणी कऱ्हाडला कृष्णेत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळायचं. आता ते अरबी समुद्रात येतं. पाण्याने समुद्रच बदलला! चैत्र-वैशाखात आपल्याकडच्या बाकीच्या नद्यांचे नुसते धोंडे दिसतात, वाशिष्ठीला तेव्हाही पाणी असतं. मग खाडीत खारं पाणी वर किती चढेल, कुठला मासा कुठवर येईल, हेही त्यावर ठरणार. हे चांगलं की वाईट, असं मला मुलं विचारायची. मी म्हणायचे, कोणासाठी ते आधी सांगा.

आणि 3 जून 2020. निसर्ग वादळ. तुमच्यातले बरेच जण तेव्हा अगदी लहान होतात. श्रीवर्धन, दिवेआगर, इकडे हर्णै, आंजर्ले, केळशीपर्यंत वाड्या आडव्या झाल्या. वाडी हीसुद्धा परिसंस्थाच, फक्त माणसाने लावलेली. वर नारळ, त्याखाली पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, पोफळीवर चढलेला मिरवेल, सावलीत जायफळ, खाली केळी. वरचे माड-पोफळी पडल्यावर जी जायफळं वाचली, ती पुढच्या उन्हाने करपली. म्हणजे झाड वाऱ्याने पडलं नाही, शेजारी गेला म्हणून गेलं. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, तोवर सावली कुठून आणायची?

बदल ओळखायचा तर आधी रोजचं माहीत हवं. तेव्हा एक वही घाला आणि ओहोटी साधा. वेळ काढायची रीत तुमच्या आजोबांना ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट. द्वितीया असेल तर दोन पाऊणे दीड, म्हणजे दीडच्या सुमाराला भरती पूर्ण. त्याआधी सहा तास मोजा, सकाळी साडेसातच्या आसपास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं, खाडीत आत राहत असाल तर पाणी उशिरा पोचतं. सप्तमी-अष्टमीला जाऊ नका, तेव्हा भांग असतो, पाणी फारसं हटत नाही. अमावास्या-पुनवेनंतरचे दोन-तीन दिवस उत्तम. एकट्याने जायचं नाही, घरचं मोठं माणूस बरोबर हवं. आणि चपलेचं मी सांगितलंच आहे.

काठावर टणक जागा बघून बसा. समोरचा हातभर चिखल काठीने आखून घ्या. त्यातली बिळं मोजा, तिवराची टोकं मोजा, तारीख आणि तिथी लिहा. मग दहा मिनिटं गप्प. बोलायचं नाही, हलायचं नाही, भावाला ढोसायचं नाही. पहिली चार-पाच मिनिटं काहीही दिसणार नाही. मग एका बिळाच्या तोंडाशी दोन बटबटीत डोळे वर येतील. ती निवटी. पेन्सिल उचलायची घाई करू नका, ती अजून तुमच्याकडेच बघते आहे.