ऐकू येतं तेवढंच

मंडळी, रेडिओवरच्या रहस्यनाट्याचा विषय निघाला की हमखास सांगितलं जातं, ‘रेडिओला दृश्य नाही, त्यामुळे श्रोत्याची कल्पनाशक्ती कामाला लागते.’ मला हे अर्धंच खरं वाटतं. या प्रकारातल्या सर्वोत्तम लेखकांनी दृश्याची उणीव भरून काढण्याची खटपटच केली नाही. त्यांनी अशी माणसं शोधली, ज्यांना स्वतःलाच काही दिसत नाही.

१५ जानेवारी १९२४ रोजी बीबीसीने लंडनहून ‘डेंजर’ प्रसारित केलं. खास रेडिओसाठी लिहिलेलं हे पहिलं नाटक मानतात. लेखक रिचर्ड ह्यूज तेव्हा अवघा तेवीस वर्षांचा. वेल्समधली कोळशाची खाण, ती पाहायला उतरलेली एक तरुण जोडी आणि एक म्हातारा. सुरुवातीलाच दिवे जातात. मग स्फोट होतो, पाणी चढू लागतं. श्रोत्यांनीही दिवे मालवून ऐकावं, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. खाणीतल्या त्या तिघांना जेवढं कळत होतं, तेवढंच घरी बसलेल्या माणसाला कळत होतं; ना कमी, ना जास्त.

अमेरिकेत १९३४ साली शिकागोहून ‘लाइट्स आउट’ सुरू झालं. विलिस कूपरने ते सुरू केलं आणि पुढे आर्च ओबोलरने चालवलं. ते मध्यरात्री लागायचं. मुंडकं उडवायचं असेल तर कोबीच्या गड्ड्यावर सुरा चालवायचे, माणूस विजेने भाजायचा असेल तर माइकपाशी बेकन तळायचे. ध्वनिपरिणामांची ही करामत मोठीच, पण हा धक्का होता. टांगणी वेगळी. तिला वेळ लागतो.

ती टांगणी पुरती साधली सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीच्या ‘सस्पेन्स’ने. १७ जून १९४२ला सुरू झालेली ही मालिका वीस वर्षं चालली. विल्यम स्पिअरसारखा दिग्दर्शक आणि बर्नार्ड हर्मनचं शीर्षकसंगीत तिला लाभलं. या हर्मनची तेव्हाची पत्नी ल्यूसिल फ्लेचर हिने लिहिलेलं ‘सॉरी, राँग नंबर’ २५ मे १९४३ला प्रसारित झालं. माझ्या मते रेडिओनाट्याने याच्या पुढे मजल मारली नाही.

अंथरुणाला खिळलेली, किरकिरी, श्रीमंत बाई. घरात एकटी. नवऱ्याच्या ऑफिसला फोन लावते आणि भलत्याच लाइनवर दोन पुरुषांचं एका बाईच्या खुनाबद्दलचं बोलणं तिच्या कानी पडतं: सव्वाअकराला पुलावरून आगगाडी जाईल, तिच्या खडखडाटात त्या बाईची किंकाळी बुडेल. पुढचा सगळा वेळ ती ऑपरेटर, पोलीस, हॉस्पिटल असे नंबर फिरवत राहते. कोणी मनावर घेत नाही. ती बाई आपणच, हे तिच्या फार उशिरा लक्षात येतं.

आता रचना पाहा. फोनवर माणसाला समोरचं काही दिसत नसतं. त्यामुळे तिला जे ऐकू येतं, ते सगळं श्रोत्याला ऐकू येतं; काही समजावून सांगायला निवेदक मध्ये यावा लागत नाही. शिवाय खुन्यांना हवी असलेली गाडीही आवाजच आहे. अभिनेत्री अ‍ॅग्नेस मूरहेडने ही भूमिका जवळजवळ एकटीने पेलली. तिचा आवाज आधी चिडलेला, मग हुकूम सोडणारा आणि शेवटी लहान मुलासारखा होत जातो. त्या बाईबद्दल आपल्याला प्रेम वाटत नाही, तरी तिने वाचावं म्हणून आपण जीव मुठीत धरून बसतो. हे फ्लेचरचं धाडस. श्रोत्यांच्या मागणीवरून मूरहेडने ‘सस्पेन्स’मध्ये ही भूमिका पुन्हा पुन्हा केली.

१९४८ साली याचा चित्रपट झाला, त्यात बार्बरा स्टॅनविक होती. तिचं काम उत्तम आहे. पण अर्ध्या तासाची गोष्ट दीड तासाची करताना नवऱ्याची पूर्वकथा आली, बाहेरचं जग आलं. पडद्यावर आपण त्या खोलीतून बाहेर पडू शकतो, आणि तिथेच पकड सैल होते.

पुढे टेलिव्हिजनकडे प्रायोजक गेले, पैसा गेला. ३० सप्टेंबर १९६२ला ‘सस्पेन्स’चा शेवटचा भाग लागला. नऊशेहून अधिक भाग झाले होते आणि त्यांतले बहुतेक ध्वनिमुद्रित होऊन टिकले आहेत. ऐकायचे असतील तर १९४०च्या दशकातल्या भागांपासून सुरुवात करा, आणि ऐकताना दुसरं काही काम हातात घेऊ नका.