शिवण जमली, पण शरीर ऐकेना

नमस्कार श्रोतेहो. घरात कुणी शिवणकाम करत असेल, तर बाहीची मोहरी हातानं शिवताना काय होतं ते आठवा. सुई वरच्या कापडातून जाते आणि नकळत खालचं कापडही पकडते. बाहीचं तोंडच बंद! आता बाहीच्या जागी बोरूएवढी रक्तवाहिनी धरा. फ्रान्समधल्या लियाँचे तरुण सर्जन अलेक्सी कॅरेल यांची नेमकी हीच पंचाईत होती. ते सरळ एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे शिकायला गेले! पुढे त्यांची युक्ती अशी: वाहिनीच्या गोल तोंडाला सारख्या अंतरावर तीन टाके घालायचे आणि ते तीन दिशांना ताणून धरायचे. गोलाचा त्रिकोण होतो, कडा सरळ होतात, मग बारीक सुईनं शिवत जायचं. दोरा रेशमाचा, व्हॅसलीन लावलेला. १९१२ साली त्यांना नोबेल मिळालं.

म्हणजे अवयव जोडायचं कसब तेव्हाच हाती आलं होतं. पण परक्याचं मूत्रपिंड बसवलं की शरीर ते झिडकारायचं. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांना यश आलं, तेही हुबेहूब जुळ्या भावांमध्ये. शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही. पण जुळा भाऊ असतो किती जणांना?

आता आपल्या मुंबईतल्या परळला येऊ. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय बदललं. त्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, तिथल्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तेच केलं. जगातलं सहावं हृदयरोपण, आणि तेही महापालिकेच्या रुग्णालयात! रुग्ण काही तासच जगला. कुणी याला घाई म्हणेल. मी नाही म्हणणार, कारण सेन यांच्या चमूनं आधी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर या शस्त्रक्रियेचा सराव केला होता.

नडत होत्या त्या बाकीच्या गोष्टी. शरीराचा विरोध आवरणारं सायक्लोस्पोरिन हे औषध नॉर्वेच्या मातीतल्या एका बुरशीतून मिळालं, पण ते सर्रास वापरात यायला १९८० चं दशक उजाडलं. शिवाय दात्याचं हृदय धडधडत असतानाच काढून घ्यायचं, तर मेंदू मृत झाला की माणूस मृत मानणारा कायदा हवा; तो आपल्याकडे झाला १९९४ मध्ये. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयरोपण केलं. डॉ. सेन यांना जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.