फ्रिहोलेस रेफ्रितोस: कटात घोटलेला घेवडा

(दृश्य: बिडाची कढई, मध्यम आच. वितळलेल्या चरबीत बारीक चिरलेला कांदा.)

कांदा सोनेरी दिसला तरी थांबायचं नाही. कडा गडद तांबूस होईपर्यंत, म्हणजे सात-आठ मिनिटं, तो परतत राहायचा. मेक्सिकोतल्या फ्रिहोलेस रेफ्रितोसला खमंगपणा इथून येतो. बाकीची चव शेजारच्या पातेल्यात, घेवड्याच्या कटात आहे. आणि घरोघरी नेमका तो कटच मोरीत ओतला जातो.

नावानंही घोळ घातलाय. इंग्रजीत याचं ‘रिफ्राइड बीन्स’ झालं आणि घेवडा दोनदा तळायचा असतो, असा समज पसरला. तो परततात एकदाच. मेक्सिकोच्या बोलीत ‘रे’ हे अक्षर शब्दाला जोर देतं. ‘सेको’ म्हणजे कोरडं, ‘रेसेको’ म्हणजे कोरडंठाक. तसं ‘रेफ्रितो’ म्हणजे चांगलं सणसणीत परतलेलं.

(दृश्य: परातीत निवडायला घेतलेले दाणे. एक दाणा जवळून.)

बदामी रंग, त्यावर तांबूस शिंतोडे. हा पिंटो, मेक्सिकोच्या उत्तर भागातला लाडका. वेराक्रूझ, ओआहाका, युकातान या तिथल्याच राज्यांत काळा घेवडा चालतो. आपल्याकडे चित्रा राजमा घ्या, नाहीतर कोरेगावचा वाघ्या घेवडा. भौगोलिक मानांकन मिळालेला हा सातारी दाणा पिंटोच्याच जातीचा. मूळ सगळ्यांचं अमेरिका खंडातलं.

पाव किलो दाणे आठ तास भिजत घाला. उन्हाळ्यात पाण्याला फेस येतो, तेव्हा भांडं फ्रिजमध्ये ठेवा. ते पाणी ओतून द्या आणि दीड लिटर ताजं पाणी, अर्धा कांदा, लसणाच्या दोन पाकळ्या घालून पातेलं चढवा. पहिली दहा मिनिटं खळखळून उकळी हवीच. कच्च्या घेवड्यातलं पोटाला बाधणारं द्रव्य नुसत्या कोमट शिजण्यानं जात नाही. मग आच मंद करून दीड ते दोन तास. पाणी कमी झालं तर वरून गरमच घालायचं. कुकरमध्ये करायचं तर पाणी एक लिटर पुरे, पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर वीस मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या.

मीठ घातलं की दाणा शिजत नाही, असं सर्रास सांगतात. मीठ बिचारं निर्दोष आहे. अर्धा चमचा सुरुवातीलाच घाला, म्हणजे ते दाण्याच्या आत मुरतं. शिजणं अडतं ते टोमॅटो-लिंबासारख्या आंबटानं, जड पाण्यानं आणि जुन्या मालानं. दाणे जुने असतील तर पाव चमचा खाण्याचा सोडा घाला. त्याहून जास्त झाला की साबणासारखी चव येते.

(दृश्य: पातेल्यात हिरव्या पानांची काडी पडते.)

हा एपासोते. आपल्या चाकवताच्या गोतातला, पण वास उग्र, औषधी. शेवटची पंधरा मिनिटं एक काडी पुरते. मिळाला नाही तर सोडून द्या. कोथिंबिरीनं त्याची जागा भरत नाही. ओआहाकाकडे काळ्या घेवड्यात भाजलेलं अवोकाडोचं पान घालतात, त्याला बडीशेपेचा वास असतो. तो तिथल्या ठरावीक वाणाचा गुण आहे. आपल्या परसातल्या झाडाची पानं तोडू नका, काही वाणांची पानं विषारी असतात.

दाणा जीभ आणि टाळू यांच्यात दाबून बघा. लोण्यासारखा विरघळला पाहिजे. एक जरी गणंग लागला तरी अजून शिजवा. चरबीत पडल्यावर तो मऊ होणार नाही.

(दृश्य: पुन्हा कढई.)

चरबी डुकराची, चार मोठे चमचे. मेक्सिकोत पारंपरिक तीच. शाकाहारी घरात तेवढंच तेल. तूप घातलं तर चव वरणाकडे झुकते. कांदा तांबूस झाला की दोन डाव दाणे, एक डाव कट. चर्र आवाज बसला की लाकडी घोटणीनं दाबायला लागा. मग पुढचे दोन डाव. सगळे एकदम ओतले की कढई थंडावते आणि परतणं राहून नुसतं उकडणं होतं.

मिक्सरचा मोह होईल. पात्यांनी दाण्यातल्या पेशी फुटतात, पिष्ट बाहेर येतं आणि खळीसारखा चिकट गोळा हाती लागतो. युकातानमध्ये काळा घेवडा वाटून, गाळून घेतात खरा, पण तो मुद्दाम गुळगुळीत ठेवायचा प्रकार. पिंटोत थोडे अर्धेमुर्धे दाणे दिसलेच पाहिजेत.

आता दहा-बारा मिनिटं ढवळत राहायचं. तळाला धरलेली तांबूस खरपुडी उलथन्यानं खरवडून आत मिसळा. ती करपू देऊ नका, कडवटपणा सगळीकडे पसरतो.

(दृश्य: उलथनं कढईच्या तळावरून फिरतं. मागे रेघ उरते, सावकाश मिटते.)

रेघ अशी सावकाश मिटली की गॅस बंद. आता घट्ट वाटलं तर उशीर झाला, कारण निवताना ते आणखी आळतं. मीठ आत्ता चाखून घाला. कट आटला की खारटपणा वाढतो.

वर चुरलेलं ताजं चीज, सोबत गरम तोर्तिया, म्हणजे मेक्सिकोची पोळी. उरलं तर फ्रिजमध्ये तीन दिवस राहतं. गरम करताना त्याच्या ढलप्या निघतात, म्हणून वाटीभर कट आधीच बाजूला काढून ठेवा.