छत्तीसचा आकडा

दोघांचं पटेनासं झालं की आपण म्हणतो, त्यांच्यात छत्तीसचा आकडा आहे. तीन आणि सहा, पाठीला पाठ लावून बसलेले. १८०१ च्या फेब्रुवारीत, वॉशिंग्टन नावाच्या अर्ध्यामुर्ध्या बांधलेल्या गावात, अमेरिकेचं प्रतिनिधिगृह देशाचा तिसरा अध्यक्ष निवडायला बसलं. मतं घेतली, निकाल लागेना. पुन्हा घेतली, तरी लागेना. लागला तो थेट छत्तिसाव्या फेरीत. हा निव्वळ योगायोग, पण आज मला जे सांगायचंय त्याला याहून बरं नाव मला सुचलं नाही.

एवढ्या फेऱ्या का घ्याव्या लागल्या? थोडं मागं जाऊ. १७८७ साली फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली. तिच्यात अध्यक्ष आहे, सिनेट आहे, टपाल आहे, नाणी पाडणं आहे. पक्ष मात्र नाही. राजकीय पक्ष या अर्थानं तो शब्दसुद्धा नाही. आणि हे काही विसरून झालेलं नव्हतं. त्या पिढीच्या लेखी पक्ष म्हणजे राज्याला लागलेली कीड. 'गावात तट पडले' हे आपण ज्या सुरात बोलतो, त्याच सुरात ती मंडळी पक्षाबद्दल बोलत. जेम्स मॅडिसननं त्याच वर्षी लेख लिहून सांगितलं की तट नाहीसे करता येत नाहीत, पण देश पुरेसा मोठा असला की कुठलाही एक तट सगळ्यांच्या उरावर बसू शकत नाही. हाच मॅडिसन चार-पाच वर्षांत त्या देशातल्या पहिल्या विरोधी पक्षाची बांधणी करत होता!

हसू नका. आपल्या घटनेतही १९८५ पर्यंत राजकीय पक्षाची दखल नव्हती. बावन्नाव्या दुरुस्तीनं दहावी अनुसूची जोडली तेव्हा तो आत आला, तोही पक्ष फुटतात म्हणून. महाराष्ट्रात उभं राहून दहाव्या अनुसूचीबद्दल मी जास्त बोलत नाही, तुम्हाला ती पाठ आहे.

तर पक्ष असणारच नाहीत असं धरून अमेरिकेत अध्यक्ष निवडायची रीत ठरली. राज्याराज्यांतून इलेक्टर निवडायचे आणि प्रत्येक इलेक्टरनं दोन नावं लिहायची. यातला अध्यक्ष कोण, उपाध्यक्ष कोण, ते लिहायचं नाही. सगळी मतं मोजायची, ज्याला सर्वांत जास्त आणि निम्म्याहून अधिक इलेक्टरांचा कौल तो अध्यक्ष, त्याच्या खालोखाल आला तो उपाध्यक्ष. शाळेतला पहिला नंबर, दुसरा नंबर असतो ना, तसं. जॉर्ज वॉशिंग्टन उभा होता तोवर यातली खोट दिसली नाही. १७८९ मध्ये ६९ पैकी ६९ इलेक्टरांनी त्याचं नाव लिहिलं, १७९२ मध्ये १३२ पैकी १३२ जणांनी. एकमतानं निवडून आलेला तो एकटाच.

तट पडले ते त्याच्याच मंत्रिमंडळात. आणि पडले ते स्वातंत्र्य, समता असल्या मोठ्या शब्दांवरून नाही हो, कर्जावरून.

स्वातंत्र्ययुद्धात सैनिकांना पगार द्यायला पैसे नव्हते, म्हणून कागद दिले होते, सरकारी कर्जाचे रोखे. शेतात परतलेल्या सैनिकाला त्या कागदाचं करायचं काय? मीठमिरचीला पैसे हवेत. त्यानं तो रोखा शहरातल्या सट्टेवाल्याला मिळेल त्या किमतीला विकून टाकला. १७९० च्या जानेवारीत अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टननं योजना मांडली: आज रोखा ज्याच्या हातात, त्याला छापील किमतीनं पूर्ण पैसे. त्याचा हिशेब साधा होता. सरकारी कागदाची पत एकदा बसली की जग आपल्याला कर्ज देईल, आणि श्रीमंतांचा पैसा सरकारात अडकला की श्रीमंत सरकार बुडू देणार नाहीत. मॅडिसन उठून उभा राहिला. म्हणाला, आणि ज्यानं रक्त सांडलं त्याचं काय? मूळ सैनिकाला काही वाटा मिळावा, ही त्याची सूचना १३ विरुद्ध ३६ मतांनी पडली. छत्तीस इथंही आहे बघा.

मला विचाराल तर अर्थशास्त्रात हॅमिल्टन बरोबर होता. पण त्या सैनिकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. राजकारणातले तट बहुतेक अशाच जागी पडतात, जिथं एकाचं गणित बरोबर असतं आणि दुसऱ्याची तक्रार खरी असते.

मग आली राज्यांची कर्जं. ती केंद्रानं आपल्या डोक्यावर घ्यायची की नाही? व्हर्जिनियानं आपली बरीचशी फेडली होती, तिथले लोक म्हणाले, दुसऱ्यांची आम्ही का फेडावी? हा गुंता न्यूयॉर्कमध्ये थॉमस जेफरसनच्या घरी जेवणाच्या टेबलावर सुटला. परराष्ट्रमंत्री जेफरसन यजमान, पाहुणे हॅमिल्टन आणि मॅडिसन. सौदा असा की दक्षिणेकडच्यांनी कर्जाचा ठराव अडवू नये, त्या बदल्यात देशाची राजधानी पोटोमॅक नदीकाठी, दक्षिणेच्या दारात यावी. आज जिथं वॉशिंग्टन शहर आहे ते या जेवणामुळे तिथं आहे. जेफरसन नंतर म्हणत राहिला की हॅमिल्टननं मला गुंडाळलं. पुढच्या वर्षी राष्ट्रीय बँकेवरून दोघे उघडपणे भिडले. घटनेत बँक लिहिलेली नाही म्हणून काढता येणार नाही, असं जेफरसनचं म्हणणं. घटनेत नाही म्हटलेलं नाही म्हणून काढता येईल, असं हॅमिल्टनचं. वॉशिंग्टननं सही हॅमिल्टनच्या बाजूनं केली.

यापुढची गोष्ट मला फार आवडते. हॅमिल्टनच्या बाजूनं एक वर्तमानपत्र फिलाडेल्फियात जोरात चाललं होतं, त्याला सरकारी छपाईचं कामही मिळत होतं. आपल्या बाजूचं पत्र हवं म्हणून जेफरसन-मॅडिसननी फिलिप फ्रेनो नावाचा कवी शोधला. कवीनं खायचं काय? जेफरसननं त्याला परराष्ट्र खात्यात भाषांतरकार म्हणून नेमलं, वर्षाला २५० डॉलर. म्हणजे सरकारचा पगार घेऊन सरकारला शिव्या घालायची सोय, आणि ती करणारा सरकारातला मंत्री! फ्रेनोच्या पत्राच्या तीन-तीन प्रती अध्यक्षांच्या घरी येऊन पडत. १७९३ च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाच्या बैठकीत वॉशिंग्टनचा तोल गेला. एरवी दगडासारखा शांत माणूस, पण त्या दिवशी तो त्या 'हरामखोर फ्रेनो'वर काय कडाडला, ते जेफरसननंच आपल्या टिपणात लिहून ठेवलंय. टिपणं काढणारा मंत्री धोक्याचा.

फ्रान्समधल्या क्रांतीनं आणि जॉन जे या मुत्सद्द्यानं इंग्लंडशी केलेल्या करारानं हे तट घरोघर पोचले. हॅमिल्टनचे ते फेडरलिस्ट, जेफरसनचे ते रिपब्लिकन. आजच्या रिपब्लिकन पक्षाशी यांचा संबंध नाही, तो १८५४ सालचा. आणि गंमत म्हणजे दोघंही आपल्याला पक्ष समजत नव्हते. पक्ष समोरचा, आम्ही म्हणजे राष्ट्र! १७९६ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टनचा निरोपाचा लेख वर्तमानपत्रात छापून आला, तो त्यानं कधी बोलून दाखवला नाही. पक्षवृत्तीपासून सांभाळा, असा कळवळ्याचा इशारा त्यात आहे. त्या लेखाचा बराचसा मसुदा कुणी केला होता? हॅमिल्टननं.

त्याच वर्षाच्या निवडणुकीत खोट उघडी पडली. जॉन ॲडम्सला ७१ मतं, जेफरसनला ६८. म्हणजे फेडरलिस्ट अध्यक्ष, आणि त्याचा पाडाव करायला निघालेला माणूस उपाध्यक्ष.

१७९८ मध्ये फ्रान्सशी युद्धाचं वारं सुटलं, आणि त्या वाऱ्यावर फेडरलिस्टांनी राजद्रोहाचा कायदा करून घेतला. सरकार, काँग्रेस (म्हणजे तिथली संसद) किंवा अध्यक्ष यांची खोटी, द्वेषमूलक बदनामी छापली तर दोन वर्षांपर्यंत कैद, दोन हजार डॉलरपर्यंत दंड. या यादीत उपाध्यक्ष नाही. त्याला वाटेल ते बोला, कारण उपाध्यक्ष जेफरसन होता. कायदा करणाऱ्यांची नियत कळायला कधी कधी कलम वाचायची गरज नसते, गाळलेला शब्द पुरतो.

या कायद्याखाली मॅथ्यू लायन सापडला. आयर्लंडहून करारानं बांधलेला नोकर म्हणून आलेला पोरगा, पुढं व्हर्मॉंट राज्याचा खासदार. सभ्य म्हणता येणार नाही. १७९८ च्या जानेवारीत तो भर सभागृहात एका फेडरलिस्ट सदस्याच्या तोंडावर थुंकला होता. त्या सदस्यानं दोन आठवड्यांनी काठीनं बदडलं, तर लायननं शेकोटीचा चिमटा उचलला. याच लायननं अध्यक्षाच्या भपक्यावर आणि स्तुतीच्या हावेवर लिहिलं. शिक्षा चार महिने कैद आणि एक हजार डॉलर दंड. तो तुरुंगात असतानाच व्हर्मॉंटच्या मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिलं. हा माणूस लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

१८०० ची निवडणूक न्यूयॉर्कमध्ये फिरली, आणि ती रिपब्लिकनांच्या ॲरन बर यानं फिरवली. तिथले बारा इलेक्टर राज्याचं विधिमंडळ निवडत असे, म्हणून एप्रिल-मेमधली विधिमंडळाची निवडणूक म्हणजेच अध्यक्षाची. बरनं मतदारांच्या याद्या केल्या, कोण कुणाचा, कोण किती वर्गणी देईल ते लिहिलं, आणि स्वतःचं घर कार्यकर्त्यांना खुलं केलं. खा, झोपा, पुन्हा कामाला लागा. निवडणुकीच्या आदल्या रात्री कुठल्याही प्रचार कार्यालयात गेलात तर जे दिसतं, त्याचा हा मूळपुरुष. तिकडे फेडरलिस्टांनी घरातच वणवा पेटवला. ॲडम्सनं फ्रान्सशी समेट केला म्हणून हॅमिल्टन बिथरला आणि त्यानं स्वतःच्याच पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध पत्रक लिहिलं.

निकाल लागला. जेफरसन ७३, बर ७३, ॲडम्स ६५, त्याच्या जोडीचा पिंकनी ६४. बर उपाध्यक्षपदासाठी होता हे सगळ्यांना माहीत होतं, कागदाला माहीत नव्हतं. रिपब्लिकनांची शिस्त इतकी पक्की झाली होती की प्रत्येकानं दोन्ही नावं लिहिली. फेडरलिस्टांनी एक मत मुद्दाम दुसरीकडे टाकलं होतं, यांना ते जमलं नाही. आणि बर काही मागं सरेना.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांचा तीन-पंचमांश हिशेब धरायचा, असं घटनेत होतं. इलेक्टरांची संख्या त्यावरूनच ठरे. गुलामाला मत नाही, पण त्याच्या डोक्यामागं त्याच्या मालकाच्या राज्याला जादा वजन. ते वजन काढून टाकलं तर ॲडम्स जिंकला असता, असा हिशेब इतिहासकारांनी मांडलेला आहे. जेफरसन आपल्या विजयाला '१८०० ची क्रांती' म्हणे. त्या क्रांतीचा एक पाय शेतात राबणाऱ्या, मत नसलेल्या माणसांच्या पाठीवर होता.

तर, दोघांना सारखी मतं, म्हणून निवड गेली प्रतिनिधिगृहाकडे. ११ फेब्रुवारी १८०१, बाहेर बर्फ. प्रत्येक राज्याला एक मत, राज्यं सोळा, नऊ हवीत. जेफरसनला आठ, बरला सहा, आणि व्हर्मॉंट आणि मेरिलँड ही दोन राज्यं आतल्या आत समसमान फुटलेली. मेरिलँडचा जोसेफ निकल्सन तापानं फणफणला होता. त्याला बर्फातून उचलून आणलं, शेजारच्या खोलीत खाटेवर निजवलं. पेटी त्याच्याकडे न्यायची, बायकोच्या आधारानं तो चिठ्ठी टाकायचा. तो नसता तर मेरिलँड बरकडे गेलं असतं. पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियात, निवड हिरावली तर सैन्यदलं उठवायची, अशी बोलणी सुरू होती. हॅमिल्टन मित्रांना पत्रांमागून पत्रं लिहीत होता की जेफरसन परवडला, पण बर नको. (तीन वर्षांनी बरनंच त्याला द्वंद्वात गोळी घातली.)

कोंडी फोडली डेलावेअरच्या जेम्स बेयर्डनं. छोटं राज्य, एकच प्रतिनिधी, म्हणून तो एकटाच अख्खं राज्य. त्यानं आपल्या फेडरलिस्टांना सांगितलं, आता पुरे. काही आश्वासन घेऊनच त्यानं हे केलं का? तो म्हणत राहिला, मिळालं होतं. जेफरसन म्हणत राहिला, मुळीच दिलं नव्हतं. १७ फेब्रुवारीच्या छत्तिसाव्या फेरीत डेलावेअर आणि साउथ कॅरोलायना कोरी राहिली. मेरिलँडच्या फेडरलिस्टांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा ते राज्य जेफरसनचं झालं. बरचं एकही मत फिरून जेफरसनकडे गेलं नाही, ती फक्त गप्प झाली. आणि व्हर्मॉंटचा फेडरलिस्ट सदस्य जागेवरून उठून बाहेर गेला. मागं राहिला एकटा मॅथ्यू लायन. व्हर्मॉंटचं मत आता त्याचं होतं. ते त्यानं जेफरसनला घातलं. दहा राज्यं झाली.

ही हार फेडरलिस्टांनी मोठ्या मनानं स्वीकारली असं मी म्हणणार नाही. जाता जाता त्यांनी न्यायाधीशांच्या नव्या जागा काढून भरल्याही. पण राजद्रोहाच्या त्या कायद्यावर त्यांनी स्वतःच एक तारीख घातली होती: ३ मार्च १८०१, ॲडम्सच्या मुदतीचा शेवटचा दिवस. उद्या हे शस्त्र दुसऱ्याच्या हातात जाईल, ही भीती १७९८ मध्येच त्यांच्या मनात होती. आपण हरू शकतो हे त्यांनी बोलून कधी दाखवलं नाही, कायद्यात मात्र लिहून ठेवलं. तो कायदा त्या रात्री आपोआप मेला, आणि पहाटे चार वाजता ॲडम्स सार्वजनिक गाडीनं गाव सोडून निघाला. हरलेल्या अध्यक्षानं काय करायचं याची रीत तोवर पडलेलीच नव्हती.

दुपारी जेफरसन आपल्या बिऱ्हाडाच्या खानावळीतून पायी कॅपिटॉलला आला. शपथ दिली जॉन मार्शलनं, म्हणजे ॲडम्सनं महिन्याभरापूर्वीच बसवलेल्या सरन्यायाधीशानं. हा जेफरसनचा लांबचा भाऊ, आणि दोघांचं जन्मात पटलं नाही. मग भाषण. 'आपण सारे रिपब्लिकन आहोत, आपण सारे फेडरलिस्ट आहोत' हे वाक्य त्यातलं. जेफरसनच्या हस्तलिखितात ही दोन्ही नावं लहान लिपीतल्या अक्षरानं सुरू होतात, म्हणजे पक्ष नव्हे, तत्त्वं. देवनागरीत ही खोच दाखवायची सोय नाही. तशी त्या सभागृहातही ती कुणाला कळली नसणार, कारण जेफरसनचा आवाज इतका बारीक की पुढच्या काही ओळींपलीकडे भाषण ऐकूच गेलं नाही. बाकीच्यांनी ते नंतर छापील वाचलं. त्याची प्रत त्यानं आधीच एका वर्तमानपत्राला देऊन ठेवली होती. पत्र अर्थातच त्याच्याच पक्षाचं होतं.