हॉलच्या मापाचा अ‍ॅम्प्लिफायर
(ठाण्यातील श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

होम थिएटर घ्यायला गेले की दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती वॅटचा?’ हा. माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारावा. घोडबंदर रस्त्यावरचा असो की ऐरोली-खारघरचा, आपल्याकडच्या दोन बेडरूमच्या घरातला हॉल साधारण दहा बाय पंधरा फुटांचा, आणि भिंतीला भिंत लागून शेजारी. अशा ठिकाणी संवाद ऐकताना प्रत्येक स्पीकरला जेमतेम एक वॅट, बहुधा त्याहूनही कमी शक्ती लागते. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरची (स्पीकरला शक्ती पुरवणाऱ्या यंत्राची) कार्यक्षमता, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी स्पीकरपर्यंत पोचणारा वाटा, पूर्ण आवाजावर किती आहे, यापेक्षा या एका वॅटपाशी तो किती वीज खातो, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

अ‍ॅम्प्लिफायरच्या आतल्या रचनेनुसार त्याचे बी, एबी, डी असे ‘क्लास’ पडतात. त्यांपैकी क्लास बी रचनेची कमाल सैद्धांतिक कार्यक्षमता ७८.५ टक्के सांगितली जाते; पण ती फक्त पूर्ण शक्तीवर. शंभर वॅट क्षमतेचा असा आदर्श अ‍ॅम्प्लिफायर एक वॅट देत असताना त्याची कार्यक्षमता आठ टक्क्यांच्याही खाली येते, म्हणजे एका वॅटसाठी तो जवळपास तेरा वॅट ओढतो आणि उरलेली सगळी उष्णता होते. रिसीव्हरमध्ये (होम थिएटरचा अ‍ॅम्प्लिफायर ज्यात असतो त्या मुख्य डब्यात) सर्रास असणाऱ्या क्लास एबीमध्ये आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमधून थोडा प्रवाह सतत वाहत ठेवावा लागतो, आणि हा खर्च प्रत्येक चॅनेलमागे, म्हणजे प्रत्येक स्पीकरसाठीच्या वेगळ्या वाटेमागे, होतो. क्लास डीमध्ये ट्रान्झिस्टर सेकंदाला काही लाख वेळा पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद होतात, अधल्यामधल्या अवस्थेत रेंगाळत नाहीत, त्यामुळे पूर्ण शक्तीवर कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या आसपास जाते. कमी आवाजावर तीही घसरते, कारण स्विचिंगचा ठरावीक खर्च चुकत नाही. तरीही सात चॅनेलचा संच घ्यायचा असेल, तर मी क्लास डीकडेच वळेन.

मात्र खरी बचत स्पीकरच्या निवडीत आहे. स्पीकरची संवेदनशीलता एक वॅट शक्तीला एक मीटरवर मिळणाऱ्या डेसिबलमध्ये दिलेली असते. ८८ डेसिबलच्या स्पीकरपासून आपण तीन मीटरवर बसलो, तर अंतरामुळे सुमारे साडेनऊ डेसिबल कमी होतात (भिंतींवरून परतणारा आवाज इथे धरलेला नाही). एखाद्या स्फोटाच्या दृश्यात क्षणभर ९० डेसिबल हवे असतील, तर साधारण चौदा वॅट लागतात. तोच स्पीकर ९१ डेसिबलचा असेल तर सात वॅट पुरतात आणि ८५चा असेल तर अठ्ठावीस लागतात, कारण दर तीन डेसिबलला शक्ती दुप्पट करावी लागते. शंभरऐवजी दोनशे वॅटचा रिसीव्हर घेतला, तरी पदरात पडतात ते हेच तीन डेसिबल.

खोक्यावरचा वॅटचा आकडाही नीट वाचायला हवा. एकच चॅनेल चालवून, फक्त एक किलोहर्ट्‌झवर आणि दहा टक्के विकृती (मूळ आवाजात होणारा बिघाड) गृहीत धरून मोजलेला आकडा मोठाच दिसणार. ‘२० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ, आठ ओहम’ असे लिहिलेला, विकृती एक टक्क्याच्या आत असलेला आकडा लहान असला तरी विश्वासाचा. स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला सब-वूफर (खर्जाचा स्पीकर) जोडून रिसीव्हरमध्ये बाकीचे स्पीकर ‘स्मॉल’ (खर्ज त्यांच्याकडे न पाठवण्याची सेटिंग) ठेवले आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा आवाज सब-वूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्‌झला लावला, की खर्जाचे जड काम मुख्य अ‍ॅम्प्लिफायरवरून उतरते.

काचेची दारे असलेल्या बंद शोकेसमध्ये रिसीव्हर कोंबू नका. वर आणि बाजूंना हवा खेळू द्या, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत. शेवटी, शक्य असेल तर प्लगला लावायचा वॅटमीटर घेऊन तीन नोंदी करा: आवाज बंद असताना, रोजच्या आवाजावर आणि स्टँडबायवर. दिवसाला चार तास चालणारा संच साठऐवजी तीस वॅट घेत असेल, तर वर्षाला सुमारे ४४ युनिट वाचतात. आणि नेटवर्क स्टँडबाय (संच बंद असतानाही तो नेटवर्कला जोडलेला ठेवणारा पर्याय) चालू राहिला असेल तर तो उरलेले वीस तासही वीज घेत राहतो, म्हणून मेनूत जाऊन तो आधी बंद करा.