लाकडाचा ओंडका आणि रोजचा अर्धा तास

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे ब्लॉग लिहिण्याविषयी, पण सुरुवात मात्र समुद्रावरून करतो. शिडाच्या जहाजांच्या काळात वेग मोजायला यंत्र नव्हतं. खलाशी लांब दोरीला लाकडाचा एक तुकडा बांधायचे आणि तो जहाजाच्या मागून पाण्यात सोडायचे. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत. वाळूचं छोटं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून सरकल्या ते मोजायचं आणि वहीत लिहून ठेवायचं. जहाजाचा वेग आजही 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींतच सांगतात, तो यामुळे. त्या लाकडाला इंग्रजीत म्हणत 'लॉग', आणि ज्या वहीत नोंद करायची ती 'लॉगबुक'.

पुढे 1997 च्या डिसेंबरात जॉर्न बार्गर नावाच्या अमेरिकन माणसानं, इंटरनेटवर आपण काय काय वाचलं याच्या नोंदी आपल्या पानावर ठेवायला सुरुवात केली आणि त्या पानाला 'वेबलॉग' म्हटलं. 1999 मध्ये पीटर मरहोल्झ या दुसऱ्या एकानं तो शब्द गमतीनं भलत्याच जागी तोडला आणि 'वी ब्लॉग' असं केलं. त्यातला 'ब्लॉग' तेवढा जगभर राहिला. म्हणजे आपण ज्याला ब्लॉग म्हणतो त्याच्या पोटात अजून तो पाण्यातला ओंडका आहे.

हे सगळं सांगायचं कारण असं की, जहाजावरची ती वही स्फूर्तीवर चालत नसे. ठरलेली वेळ झाली की नोंद व्हायची. वादळ असलं तर वादळाची. आणि काहीच घडलं नसेल तर वारा पडला आहे, समुद्र शांत आहे, ही सुद्धा नोंदच. आज आपल्यात काही लिहिण्यासारखं आहे का, असा प्रश्न त्या खलाशाला पडत नव्हता. मला मात्र तो अनेक वर्षं पडत होता, आणि त्यापायी माझा ब्लॉग एकदा चक्क मेला होता.

झालं असं. मोठ्या उत्साहानं मी ब्लॉग सुरू केला आणि पहिल्याच लेखात जाहीर करून टाकलं की दर सोमवारी नवा लेख येईल. पहिले काही सोमवार झोकात गेले. मग एक चुकला. चुकला तर चुकला, म्हणून सोडून द्यायला हवं होतं. पण माझ्या मनानं घेतलं की वाचकांना वाट पाहायला लावली आहे, तेव्हा आता पुढचा लेख तसाच तोलामोलाचा हवा. त्यामुळे तो लेख आणखी लांबला. लांबला म्हणून तो आणखी चांगला होणं भाग पडलं. व्याजावर व्याज चढावं तसं हे चढत जातं. नंतर मी जुने लेख चाळले तेव्हा लागोपाठ तीन लेखांची पहिली ओळ जवळपास एकच निघाली: 'बऱ्याच दिवसांत लिहायला जमलं नाही, त्याबद्दल क्षमस्व.' तिसऱ्या क्षमस्वनंतर चौदा महिने त्या ब्लॉगवर एक अक्षर उमटलं नाही.

चूक कुठे झाली हे कळायला वेळ लागला. मी सवय लावायला गेलो होतो ती प्रसिद्ध करण्याची. खरं तर सवय लावायची असते बसण्याची. लेख सोमवारी पुरा होणं हे पूर्णपणे माझ्या हातात नाही. विषय अडतो, माहिती मिळत नाही, लिहिलेलं वाचून आपलीच आपल्याला लाज वाटते. ठरल्या वेळी खुर्चीत अर्धा तास बसणं मात्र माझ्या हातात आहे. हातातल्या गोष्टीची सवय लागते. हाताबाहेरच्या गोष्टीची फक्त धास्ती लागते.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप हा या बाबतीत माझा आवडता माणूस. तो टपाल खात्यात 33 वर्षं नोकरीला होता आणि तरी त्यानं 47 कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसलेला असे. त्याला उठवायला एक म्हातारा नोकर होता, आणि या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना 250 शब्द, असा ट्रॉलपचा हिशेब. हे सगळं त्यानं आत्मचरित्रात मोकळेपणानं सांगून टाकलं. ते त्याच्या मृत्यूनंतर, 1883 साली छापून आलं आणि रसिक मंडळी नाराज झाली. प्रतिभा काय अशी घड्याळाला बांधलेली असते, असं त्यांना वाटलं. मला वाटतं, त्यांची खरी अडचण अशी होती की हे काम आपल्यालाही करता आलं असतं, हे त्यातून उघड होत होतं.

पण ट्रॉलपच्या हिशेबातली एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. रोजच्या तीन तासांतला पहिला अर्धा तास तो काही नवं लिहीत नसे. आदल्या दिवशी लिहिलेलं वाचत असे. कोऱ्या कागदाची भीती घालवायला याहून सोपा उपाय मला सापडलेला नाही. काल आपणच लिहिलेला परिच्छेद वाचायचा, त्यातला एखादा शब्द बदलायचा, आणि बदलता बदलता आपण पुढच्या वाक्यात कधी शिरलो ते कळतही नाही.

आता, बसायचं कधी? पहाटच हवी असं मुळीच नाही. मला स्वतःला पहाटे नीटसं नावही आठवत नाही. वेळेपेक्षा महत्त्वाचं आहे ते बसणं कशाला तरी बांधून ठेवणं. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1999 मध्ये याबद्दलचं संशोधन एकत्र मांडलं. 'मी नियमित लिहीन' या निश्चयापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असा निश्चय जास्त पाळला जातो, असं त्यात दिसतं. मी रात्रीची भांडी आवरली की दिवा लावून टेबलाशी बसतो. भांडी कोणत्याही दिवशी चुकत नाहीत, तेव्हा ती माझी घंटा झाली.

हे अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? एकवीस, असं तुम्ही ऐकलं असेल. या आकड्याचं मूळ फार साधं आहे. 1960 साली मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जननं लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात. लोकांनी त्यातलं 'निदान' गाळलं, चेहराही गाळला आणि आकडा तेवढा उचलला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 माणसांना बारा आठवडे एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं. गोष्टी साध्याच होत्या, खाण्यापिण्याच्या नाहीतर व्यायामाच्या. आकडे आले ते 18 दिवसांपासून थेट 254 दिवसांपर्यंत. वरचा आकडा अर्थातच गणितानं पुढे नेऊन काढलेला. मधला आकडा 66 च्या आसपास. तेव्हा तिसऱ्या आठवड्यात बसायचा कंटाळा आला, तर आपल्यात काही खोट आहे असं समजू नका.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. माझा तो पहिला चुकलेला सोमवार आठवा. त्या दिवसानं काहीच बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते मी त्यानंतर मांडलेल्या प्रायश्चित्तानं. आता माझा साधा नियम आहे: चुकलेल्या दिवसाची भरपाई करायची नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीइतकंच बसायचं, आणि ब्लॉगवर क्षमस्व लिहायचं नाही. वाचक आपली उपस्थिती लावत बसलेला नसतो.

बसण्याची सवय लागली की लेख आपोआप शिल्लक पडू लागतात. माझ्याकडे आज तीन पुरे लेख पडून आहेत. एखाद्या आठवड्यात आजारपण आलं, पाहुणे आले, तर त्यातला एक बाहेर काढतो. वाचकाला वाटतं, काय नियमित माणूस आहे!

विषय सुचत नाहीत, ही तक्रार मात्र टेबलाशी सुटत नाही. ती दिवसभरात सुटते. खिशात छोटी वही ठेवा किंवा फोनमध्ये एक पान उघडून ठेवा. पण 'पावसावर लेख' अशी नोंद करू नका, तिचा महिन्यानंतर काडीचा उपयोग होत नाही. 'छत्री दुरुस्त करणारा माणूस छत्री उघडण्याआधी तिच्या दांड्याचा वास का घेतो?' अशी नोंद करा. प्रश्नचिन्ह असलेली नोंद टिकते, कारण ती वाचल्यावर तुम्हालाच उत्तर हवं असतं.

आणि उठताना थोडं शिल्लक ठेवून उठा. पुढचं वाक्य ठाऊक असताना थांबावं, असं अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे नवोदितांना सांगत असे. मी तर कधी कधी वाक्य अर्धंच सोडतो. दुसऱ्या दिवशी ते अर्धं वाक्य कुत्र्याच्या पिल्लासारखं दारात उभं असतं, आत घेतल्याशिवाय चैन पडत नाही.

रेडिओवर बोलायला लागल्यापासून आणखी एक खोड जडली. लेख प्रसिद्ध करण्याआधी तो मोठ्यानं वाचायचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य लांब झालेलं असतं, आणि जिथे मला स्वतःलाच घाई होते, तिथला मजकूर सरळ काढून टाकतो. मात्र लिहिलं त्याच रात्री हे करत नाही. रात्री सगळंच चांगलं वाटतं.

किती जणांनी वाचलं, हे बघण्याबद्दल थोडक्यात. आठवड्यातून एकदा बघावं, आणि लिहायला बसण्याआधी तर कधीच बघू नये. आकडा मोठा असला तर डोक्यात जातो, लहान असला तर मनात जातो. दोन्हीकडून त्या रात्रीचा अर्धा तास बुडतो.

शेवटची सवय कंटाळवाणी आहे आणि ती कुणीच लावून घेत नाही. जुन्या लेखांकडे परत जाणं. लेख एकदा टाकला की तो तिथे कायम राहील असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या प्यू संशोधन संस्थेनं 2024 मध्ये मोजणी प्रसिद्ध केली: 2013 साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांनंतर उघडतच नव्हती. 2009 मध्ये जिओसिटीज, म्हणजे कुणालाही आपलं वेबपान मांडू देणारं संकेतस्थळ, बंद झालं तेव्हा हौशी माणसांनी वर्षानुवर्षं सजवलेली पानंच्या पानं एका दिवसात अंधारात गेली. म्हणून प्रत्येक लेखाची मूळ प्रत स्वतःकडे ठेवा, आणि महिन्यातून एक बैठक नवं काही न लिहिता जुन्यासाठी द्या. मोडलेले दुवे दुरुस्त करा. चूक सापडली तर ती गुपचूप पुसू नका, खाली तारीख घालून दुरुस्ती लिहा. जहाजावरच्या वहीतही चुकीची नोंद खरवडून काढत नाहीत. तिच्यावर एक रेघ मारतात, खालचं वाचता येईल अशी.

माझी या महिन्याची ती बैठक अजून राहिली आहे. एका जुन्या लेखात मी छातीठोकपणे लिहून ठेवलंय की कोणतीही सवय एकवीस दिवसांत लागते. आज भांडी आवरली की त्या वाक्यावर रेघ मारायची आहे.

नमस्कार.